वजन उतरवायचंय तर कोणता व्यायाम? खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

व्यायामाला सुरुवात करू पाहणारा माणूस जळगावचा असो, शिरपूरचा असो की शहाद्याचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पोट कमी करायला कोणता व्यायाम करू?’ एका व्यायामाचं नाव सांगून या प्रश्नाचं उत्तर संपत नाही. चालणं, पळणं, वजन उचलणं, योगासनं यांची शरीरातली कामं वेगवेगळी आहेत. कुठलं काम कशाने होतं हे माहीत नसलं की माणूस महिनाभर घाम गाळतो, काटा हलला नाही म्हणून निराश होतो आणि सगळंच सोडून देतो. हा लेख अशा प्रौढ माणसांसाठी आहे, ज्यांनी आजवर नेमाने व्यायाम केलेला नाही आणि आता करायचं मनावर घेतलं आहे.

पहिली पायरी: काट्याआधी दोरा

वजन बघण्याआधी एक साधा दोरा किंवा सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढा दोरा कापा आणि त्याची बरोबर अर्धी घडी करा. घडी घातलेला दोरा कंबरेभोवती गुंडाळा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. दोन्ही टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि पोटात चरबी साचते आहे असं समजा.

शिंप्याचा टेप असेल तर आकडा वहीत लिहून ठेवा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानली जाते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढायचा असेल तर किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. जगभर २५ च्या वर जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. आपल्याकडे मात्र २३ पासूनच सावध व्हायला सांगतात आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. कारण असं की त्याच बीएमआयला आपल्या लोकांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटातच जास्त बसते.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. त्यात २८.६ टक्के प्रौढांना सर्वसाधारण लठ्ठपणा होता, पण पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांना. काट्यावर ‘ठीक’ दिसणारी आणि पट्ट्याचं भोक दरवर्षी सरकवणारी माणसं किती आहेत, याचा अंदाज यावरून येतो. आपल्या गावांतही हीच ठेवण दिसते. हातपाय काडीसारखे, पोट पुढे. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे, शिक्षक, बँकेतले कर्मचारी यांचं तर आहेच. पण शेतकऱ्यांचंही आता तेच होतंय. नांगरट ट्रॅक्टरने, केळीला पाणी ठिबकने आणि शेतावर जाणं मोटारसायकलने. वडिलांचं अंगमेहनतीचं जेवण ताटात तसंच राहिलं, मेहनत मात्र कमी झाली.

कंबर महिन्यातून एकदा मोजा. वजन आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. रोज काट्यावर उभं राहू नका. अंगातलं पाणी आणि आतड्यातलं अन्न यानेच किलोभर इकडेतिकडे होतं आणि उगाच मन खट्टू होतं.

दुसरी पायरी: डॉक्टरांशी बोलून घ्या

चालायला सुरुवात करण्यासाठी बहुतेकांना कुठल्याही तपासणीची गरज नसते. पण चालताना छातीत दाब येत असेल, थोड्या श्रमाने दम लागत असेल, चक्कर येत असेल, बीपी आटोक्यात नसेल, किंवा पूर्वी हृदयाचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टर. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाच्या वेळी साखर एकदम उतरू शकते. डोस आणि खाण्याची वेळ विचारून घ्या आणि खिशात चार गोड गोळ्या-बिस्किटं ठेवा. ज्या बायकांचं वजन अचानक वाढलंय, पाळी अनियमित झालीय, त्यांनी थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी.

तिसरी पायरी: हिशोब आधी समजून घ्या

हा भाग घाईने वाचू नका. नवशिक्यांची अर्धी निराशा इथूनच येते.

७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालला तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात, आणि त्यातल्याही काही तो नुसता बसला असता तरी झाल्याच असत्या. आता स्वयंपाकघराकडे बघा. एक मोठा चमचा तेल, म्हणजे १५ मिलिलिटर, यात जवळपास १२० कॅलरी असतात. शेवभाजीवर तरंगणाऱ्या तर्रीत असे किती चमचे असतात, ते तुम्ही घरी करता तेव्हा मोजून बघा. वर शेव तळलेली, ती वेगळीच.

पुढचा हिशोब. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज अर्धा तास, महिनाभर, एकही खाडा न करता चाललात तर खर्च ३,६०० च्या आसपास. अर्धा किलोही नाही. शिवाय शरीरही आपल्या परीने भरपाई करतं. भूक थोडी वाढते, आणि ‘आज चाललो’ म्हणून उरलेला दिवस माणूस जास्त बसून काढतो.

म्हणून वजन उतरवण्याचं मोठं काम जेवणातूनच होतं, हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो. मग व्यायाम कशाला? कारण व्यायाम जे करतो ते जेवण कमी करून होत नाही.

पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी सगळ्यात घातक असते. नियमित चालण्या-पळण्याने ती घटते, कधी कधी काट्यावरचा आकडा जागचा हलला नसतानाही. चेन्नईत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना खाणं सुधारायला आणि नियमित चालायला लावलं. त्यांच्यातलं मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, तेही वजन फारसं न घटता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. आपल्या गावात घरटी एक साखरेचा पेशंट सापडतो, आणि ‘वजन उतरत नाही म्हणजे उपयोग नाही’ असं म्हणून चालणं सोडणारे त्याहून जास्त.

दुसरं, उतरलेलं वजन परत न चढू देण्याचं काम. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन उतरवून वर्षभर तरी टिकवलं अशा हजारो लोकांची त्यात नोंद आहे. त्यातले ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. वजन उतरतं ते जेवणाने, पण खाली राहतं ते व्यायामाने.

चौथी पायरी: चालणं, पहिले आठ आठवडे

सुरुवात चालण्यानेच करा. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. चौथ्या आठवड्यात अर्धा तास होतो, म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेली किमान मर्यादा हीच आहे: १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. आरोग्य टिकवायला १५० पुरतात. ज्यांना वजन डोळ्यांना दिसेल इतकं उतरवायचं आहे त्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत २५० च्या पुढे जायचं, म्हणजे पाच दिवस पन्नास-पन्नास मिनिटं. एकदम जमत नसेल तर सकाळी तीस, संध्याकाळी वीस. तुकड्या-तुकड्यांनी केलेलं चालणंही तितकंच धरलं जातं.

वेग किती? सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर पाय उचला. एक वाक्यही पुरं होत नसेल तर सावकाश. यासाठी घड्याळ, अॅप, काही लागत नाही.

जागा सरळ आणि दिव्याची निवडा. जळगावला मेहरूण तलावाचा काठ आहे, धुळ्याला पांझरेकाठचे रस्ते आहेत, भुसावळला रेल्वे वसाहतीतले रुंद रस्ते आहेत. तालुक्याच्या गावी शाळेचं किंवा कॉलेजचं मैदान सगळ्यात चांगलं. पहाटे महामार्गाच्या कडेने चालू नका. अंधारात, गडद कपड्यांत, ट्रककडे पाठ करून चालणारी माणसं बघून जीव खाली-वर होतो. दुसरा रस्ताच नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने आणि पांढरा शर्ट घालून चाला. बायकांनी एकट्याने सुरुवात करण्यापेक्षा गल्लीतल्या दोघी-तिघींना जोडून घ्यावं. त्यात सुरक्षितता आहेच, शिवाय सकाळी ‘ताई, निघालात का?’ अशी हाक आली की अंथरुणातून उठावंच लागतं.

चपलेवर चालू नका. महागडे बूट लागत नाहीत, पण टाच घट्ट धरणारे आणि तळ मऊ असलेले घ्या. वजन जास्त असेल तर गुडघ्यांसाठी हे फारच महत्त्वाचं. गुडघेदुखी असलेल्या वजनदार लोकांच्या अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पहिले दोन-तीन किलो उतरेपर्यंत नेट लावायचा, पुढे चालणंच सोपं होत जातं.

आपल्या भागात चालण्याची सवय कुणाला नवीन नाही. चैत्रात खान्देशातून हजारो लोक सप्तशृंगी गडावर पायी जातात, मुक्ताईनगरहून निघालेली मुक्ताईची पालखी महिनाभराहून जास्त चालून पंढरपूर गाठते. तरीही गडाहून परत आल्यावर तीच माणसं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गाडी काढून जातात. वजनासाठी वर्षातून एकदा केलेली पायपीट पुरत नाही. पदयात्रेला जाणार असाल तर आधीचे दोन महिने ही चालण्याची घडी बसवा. पायाला फोड येणार नाहीत, आणि परत आल्यावर सवय राहील.

पाचवी पायरी: ताकदीचा व्यायाम, दुसऱ्याच आठवड्यापासून

‘आधी वजन उतरवतो, मग जिम लावतो’ असं खूप जण म्हणतात. हा क्रम उलटा आहे. जेवण कमी करून वजन उतरतं तेव्हा उतरलेल्यातला साधारण पाव हिस्सा चरबी नसून स्नायू वगैरे असतात. स्नायू गेले की अशक्तपणा येतो, आणि पुढे वजन परत चढलं की ते मुख्यतः चरबीचंच चढतं. ताकदीचा व्यायाम ही गळती अडवतो.

मात्र नुसतं वजन उचलून काटा खाली येईल ही अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजनदार लोकांचे तीन गट केले आणि आठ महिने बघितलं. चालणं-पळणं करणाऱ्यांचं वजन आणि चरबी उतरली. नुसतं वजन उचलणाऱ्यांचे स्नायू वाढले, पण वजन उतरलं नाही. दोन्ही करणाऱ्यांची चरबी उतरली आणि स्नायूही वाढले, वेळ मात्र जवळपास दुप्पट गेला. म्हणून मी सांगतो: वेळ फारच कमी असेल तर चालण्याला आधी जागा द्या, पण आठवड्यातले दोन दिवस ताकदीसाठी राखून ठेवाच. जागतिक आरोग्य संघटनाही दोन दिवस सांगते.

घरच्या घरी सुरुवात अशी करा:

खुर्चीवरून उठ-बस. हात छातीवर, टेका न घेता, दहा वेळा. जमायला लागलं की खुर्ची काढून बैठका.

ओट्यावर किंवा भिंतीवर हात टेकवून दंड. जमिनीवरचे दंड पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाहीत, त्याची लाज वाटू देऊ नका. आधी भिंत, मग ओटा, मग पायरी, मग जमीन.

पाच लिटरचा पाण्याचा कॅन कंबरेत वाकून, पाठ सरळ ठेवून, कोपर मागे नेत ओढणं. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो. कॅन अर्धा भरला की अडीच. याहून स्वस्त डंबेल मिळणार नाही.

उताणं झोपून गुडघे दुमडायचे, कंबर वर उचलायची आणि क्षणभर धरायची. पाठदुखी असलेल्यांना याचा चांगला उपयोग होतो.

दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन ताठ चालणं, घरातल्या घरात किंवा अंगणात.

प्रत्येकाच्या दहा-दहा आवृत्त्या, मध्ये मिनिटभर विसावा, आणि अशा दोन फेऱ्या. वीस-पंचवीस मिनिटांत होतं. शेवटच्या दोन आवृत्त्या जड गेल्या पाहिजेत. सहज होत असतील तर पुढच्या वेळी भार किंवा आवृत्त्या वाढवा. ताकद वाढते ती भार वाढत गेल्यानेच. गावोगावच्या बागांत ज्या खुल्या व्यायामशाळा झाल्यात तिथली अडचण हीच आहे. कंबर फिरवायच्या चकतीवर आणि झुलत्या पायपट्टीवर अंग मोकळं होतं, ते चांगलंच, पण त्यांचा भार वाढवता येत नाही. त्याला ताकदीचा व्यायाम समजू नका.

जवळ तालीम असेल आणि वस्ताद नवख्याला सावकाश शिकवणारे असतील तर जरूर जा. दंड-बैठका आणि मुद्गल यांत आख्खं अंग कामाला लागतं. फक्त पहिल्याच दिवशी शंभर बैठकांच्या पैजेत पडू नका. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही आणि तालीम तिथेच सुटते.

बायकांना एक भीती असते की वजन उचललं तर अंग पुरुषासारखं होईल. तसं होत नाही. स्त्रियांच्या शरीरात त्यासाठी लागणारं संप्रेरक फारच कमी असतं. उलट चाळिशीनंतर हाडं विरळ होऊ लागतात तेव्हा हा व्यायाम त्यांना पुरुषांपेक्षा जास्त गरजेचा आहे. घरातल्या मायमावश्यांना ‘तुम्ही घरकाम करता, तुम्हाला काय गरज’ असं म्हणू नका. पापड-बिबडे करताना तासन्‌तास बसून राहावं लागतं, त्यात कंबर अवघडते, ताकद वाढत नाही.

सहावी पायरी: पळणं आणि जोराचे टप्पे

आठ आठवडे नियमित झाले, गुडघे कुरकुरत नाहीत, चालून दम लागत नाही. मग यात हात घाला, आधी नको.

तैवानमध्ये ३० ते ७० वयाच्या १८,४२४ लोकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या जनुकांतच लठ्ठपणाकडे कल असतो. त्या कलावर कोणत्या व्यायामाचा काय परिणाम होतो, हे त्यात १८ प्रकारच्या व्यायामांसाठी तपासलं. नियमित हळूहळू पळणाऱ्यांमध्ये हा कल सगळ्यात जास्त बोथट झालेला दिसला, तोही बीएमआय, चरबीचं प्रमाण, कंबर, नितंब आणि कंबर-नितंब गुणोत्तर या पाचही मापांवर. बीएमआयपुरतं बघितलं तर डोंगर चढणं, चालणं, जोडीचं शास्त्रशुद्ध नृत्य आणि जास्त वेळ केलेला योग यांचाही फायदा दिसला. सायकल, पोहणं आणि स्ट्रेचिंग यांचा तसा दिसला नाही.

याचा अर्थ सायकल विकून टाका असा नाही. हा लोकांनी स्वतः सांगितलेल्या सवयींचा अभ्यास होता आणि तो फक्त जनुकांच्या कलाबद्दल बोलतो. ज्याचे गुडघे दुखतात त्याला सायकल आणि पोहणं यांच्याइतकं चांगलं काही नाही. पण ‘आमचं घराणंच जाड, आमच्या हातात काय’ असं म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास आवर्जून सांगतो.

पळण्याची सुरुवात अशी: पाच मिनिटं चाला, मग एक मिनिट सावकाश पळा, दोन मिनिटं चाला. असं सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. दर आठवड्याला पळण्याचा वेळ थोडा वाढवा. बीएमआय तिशीच्या वर असेल तर पळण्याऐवजी चढ चढा. लळिंगचा किल्ला किंवा पाटणादेवीचा कन्हेरगड महिन्यातून एकदा ठरवा. चढताना दम लागतो आणि गुडघ्यांना पळण्याचे हादरे बसत नाहीत. उतरताना मात्र काठी घ्या.

जोराचे छोटे टप्पे आणि मध्ये विसावा, हा जो प्रकार सध्या मोबाइलवर सगळीकडे दिसतो, त्याने चरबी सलग मध्यम व्यायामाइतकीच उतरते. वेळ वाचतो एवढा त्याचा फायदा. चाळिशी ओलांडलेल्या, बीपी असलेल्या नवशिक्याने व्हिडिओ बघून उड्या मारायला लागू नये.

योग, सूर्यनमस्कार, नाच

सावकाश आसनांमध्ये कॅलरी कमी जातात. पण अंग मोकळं होतं, झोप सुधारते आणि ताणाने होणारं खाणं आवरतं, त्यामुळे वजनाला हातभार लागतो. सूर्यनमस्कार सलग आणि वेगाने घातले तर तो मध्यम व्यायाम होतो. आठवडाभर फक्त योग करत असाल तर त्यात चालणं मिसळा. नवरात्रातला गरबा, कानबाईच्या मिरवणुकीतलं नाचणं, झुंबाचा क्लास, हे सगळं धरा. आनंदाने तासभर होणारा व्यायाम वर्षभर टिकतो.

सातवी पायरी: उन्हाचं वेळापत्रक

पुण्या-मुंबईचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. मार्चअखेरपासून मान्सून येईपर्यंत चालणं सकाळी सातच्या आत संपवा. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं, म्हणून तेव्हा घरात पंख्याखाली ताकदीचा व्यायाम करा. निघण्याआधी पेलाभर पाणी, आल्यावर ताक. बीपी असेल तर ताकात मीठ घालू नका. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही थांबण्याची सूचना आहे. सावलीत बसा, अंग ओलं करा. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा त्याचं अंग भाजल्यासारखं तापलं तर अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना गाठा.

या काळात चालण्याची मिनिटं कमी झाली तरी चालतील. ताकदीचे दिवस दोनाचे तीन करा.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला धरतो आणि पाय मुरगळतो. शेतरस्ता सोडा, डांबरी रस्त्यावर चाला, आणि अंधार असेल तर बॅटरीशिवाय निघू नका, कारण साप याच दिवसांत बाहेर असतात. हिवाळा हा आपला खरा हंगाम. धुळ्याची थंडी बोचते, पण पाच मिनिटं हळू चालून अंग तापवलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पळणं, चढणं, सगळं वाढवता येतं. नवीन सुरुवात करायची तर दिवाळीनंतरचा आठवडा मला सगळ्यात योग्य वाटतो.

आठवी पायरी: उरलेला दिवस

तासभर चाललं तरी उरलेले दहा तास गल्ल्यावर बसून राहणं बरं नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा. माल स्वतः काढून द्या. फोन आला की उभं राहून बोला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली घाला, जेवणानंतर साखर जी उसळते ती त्याने कमी उसळते. अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या कामाला गाडी काढायची नाही, असा घरात नियमच करा आणि तो मुलांनाही लागू करा.

जेवणात इथलं पारंपरिक काही टाकायची गरज नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतात, तिने पोट भरलेलं राहतं. फौजदारी डाळ चांगली, फक्त फोडणी मोजून घाला. भरताच्या वांग्यांचा दोष नाही, वरून ओतलेल्या तेलाचा आहे. महिन्याला घरात किती तेल येतं ते माणसांच्या संख्येने भागून बघा आणि पुढच्या महिन्यात दरमाणशी पावशेर कमी आणा. स्नायूंसाठी प्रथिनं हवीत: डाळी, दूध-दही, अंडी, सोयाबीन. डब्यातली पावडर नवशिक्याला लागत नाही.

आणि पैसे कुठे घालू नयेत तेही सांगतो. पोटाला बांधायचा घामाचा पट्टा, प्लास्टिकचं जाकीट, थरथरणारं यंत्र, ‘पंधरा दिवसांत दहा किलो’वाली पुडी. घाम म्हणजे पाणी, ते प्यायलं की वजन परत आलं. पोटाच्या शेकडो उठाबशांनी पोटावरची चरबी जात नाही. खालचे स्नायू घट्ट होतात, एवढंच. चरबी कुठून आधी उतरवायची ते शरीर ठरवतं.

आठवडा कसा लावायचा

तिसऱ्या महिन्यापर्यंत नोकरदार माणसाचा आठवडा साधारण असा दिसावा: सोमवार, बुधवार, शुक्रवार पन्नास मिनिटं चालणं किंवा चालत-पळत. मंगळवार आणि शनिवार पंचवीस मिनिटं ताकद आणि त्याला जोडून अर्धा तास चालणं. गुरुवारी सूर्यनमस्कार आणि आसनं. रविवारी घरच्यांना घेऊन लांब चालणं, टेकडी, नाहीतर नुसती विश्रांती. बाजाराच्या दिवशी दुकानदाराला जमणार नाही, त्याने तो दिवस मोकळा धरावा आणि बाकीचे तसे फिरवावेत. कापूस वेचणी किंवा केळीची कटाई चालू असलेल्यांनी त्या दिवसांत वेगळं चालू नये, फक्त ताकदीचे दोन दिवस सोडू नयेत.

महिनाभरात काय दिसेल? जिना चढताना दम कमी लागेल, झोप लागेल, पट्टा थोडा सैल होईल. जेवणही सुधारलं असेल तर महिन्याला दोन किलोपर्यंत उतरणं चांगलं. तीन महिन्यांनी वजन अडकतं, सगळ्यांचंच अडकतं, कारण हलक्या शरीराला कमी कॅलरी लागतात. तेव्हा व्यायाम सोडू नका आणि उपाशीही राहू नका. वही काढा, कंबर मोजा, तेल आणि गोड पुन्हा मोजायला लागा, आणि चालण्यात आठवड्याला तीस मिनिटं वाढवा.

लग्नसराई येईल, आजारपण येईल, पिकाची घाई येईल आणि दोन-तीन आठवडे सगळं बंद पडेल. परत सुरू कराल तेव्हा सोडलं होतं तिथून करू नका. पहिला आठवडा निम्म्या वेळाने आणि निम्म्या भाराने, दुसरा पाऊण, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पहिल्या जागी.